पाणी तोडा, ताण द्या!

पुस्तकाबद्दल मत द्यावं तर आमच्या आष्टीत ते मीच! यात गर्व बिलकुल न्हाई. दुसरं कुणी देतच न्हाई, त्याला मी काय करू? तसं गाव मोठं आहे, बाजार मोठा आहे. कपाशीच्या भावावर, सरकारवर आणि दुसऱ्याच्या सुनेवर मत देणारे चौकाचौकात बसलेले आहेत. पण पुस्तकाचं नाव काढलं की सगळे असे गप्प होतात, जसं गुरुजींनी वर्गात सत्तावीसचा पाढा कोण म्हणतं असं विचारलंय!

मी अवधूत. दिवसा परतूरला एका पतसंस्थेत कारकून आणि संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयाचा सचिव. सचिव म्हणजे कुलूप उघडणं, झाडू मारणं, पेपरच्या घड्या घालणं आणि पेपर वाचता वाचता झोपलेल्या माणसांना कुलूप लावायच्या आधी उठवणं. लोक यायचे, पेपर चाळायचे, पंख्याखाली बसायचे आणि जायचे. पुस्तकांच्या कपाटाकडं कुणी पाहायचं न्हाई. कपाट उघडलं की आतली पुस्तकं माझ्याकडं अशी बघायची, जसे लग्नाला न बोलावलेले पाहुणे.

दिवाळी झाली आणि मी मनावर घेतलं. सात तऱ्हेची सात पुस्तकं निवडली आणि वाचून काढली. भुताची कादंबरी, एका म्हाताऱ्या नर्सबाईचं आत्मचरित्र, मोसंबीच्या बागेचं पुस्तक, सुखी संसारावरचं एक, खुनाच्या तपासाची एक रहस्यकथा, स्वयंपाकाचं आणि शेवटी कवितांचं. प्रत्येकाबद्दल माझं परखड मत मी एकेका चिठ्ठीवर लिहिलं. ही चिठ्ठी पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या आत चिकटवायची, म्हणजे माणूस पुस्तक उघडतो न उघडतो तोच माझं मत त्याच्या डोळ्यांपुढं!

आमच्या मंडळी दैवशाला. त्यांना बेत सांगितला, तर म्हणाल्या, "अहो, तुमचं मत वाचून लोक पुस्तक नेतील, का ठेवून पळतील?"

"तू फक्त गव्हाच्या पिठाची खळ करून आण," मी म्हणालो. "पुढचं मी बघतो."

चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव मी लिहिलं न्हाई. कशाला लिहायचं? चिठ्ठी पुस्तकाच्या पोटातच बसणार होती. तुम्ही भाकरीवर 'भाकरी' असं लिहिता का?

टेबलावर सात पुस्तकं ओळीनं मांडली आणि चिठ्ठ्यांची चळत त्याच क्रमानं लावली. खळीत बोट बुडवणार, तेवढ्यात पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन आला. रेंज नव्हती म्हणून मी रस्त्यावर गेलो. मी बाहेर असताना माझा मेव्हणा आल्ता, त्यानं ओळीतलं पहिलं पुस्तक, म्हणजे भुताचं, बघितलं आणि "ताई, हे मी नेतो गं" म्हणून काखेत मारून गेला. मला याचा पत्ताच न्हाई. मी रस्त्यावरून ओरडलो, "अगं, लाव तू! क्रमानं लाव, बराबर!"

दैवशालानं क्रमानंच लावल्या. पहिली चिठ्ठी पहिल्या पुस्तकाला, दुसरी दुसऱ्याला. काम चोख. आत आलो तर म्हणाल्या, "एक चिठ्ठी उरली."

"उरली असंल," मी म्हणालो. "ठेव तिकडं."

आता सांगतो, शहाण्या माणसानं त्या क्षणी खाली बसून विचार केला असता. मी चहा मागितला.

पहिले काही दिवस माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं घाबरली! शाळेतल्या प्रभावतीबाई कवितांचं पुस्तक घेऊन गेल्या आणि परत करताना म्हणाल्या, "अवधूतराव, कवितेबद्दल इतक्या थोडक्यात इतकं नेमकं मी कुठंच वाचलं न्हाई. 'तिखट जरा जास्त आहे, मीठ बेतानं, पण रात्रभर पोटात कालवाकालव होत राहते.' वा! अगदी तसंच झालं हो मला!"

मी मान लववली. असं मी लिहिल्याचं आठवत तर होतं, पण कवितेबद्दल लिहिलं होतं का वांग्याच्या भरताबद्दल, ते पटकन ध्यानात येईना. कौतुक चालू असताना माणूस फार खोलात जात न्हाई.

मंग आला संघपाल.

संघपाल म्हणजे आमच्या गल्लीतल्या चांगुणाबाईंचा मुलगा. परतूरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. पोरगं सोन्यासारखं, पण कोणतंही काम पुस्तकात बघितल्याशिवाय करणार न्हाई. मोटारसायकल घेतली तेव्हा आधी तिच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक वाचून संपवलं आणि मंग किल्ली लावली. त्याचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. बायको अक्षता, केदारखेड्याची. औषधशास्त्र शिकलेली, हसतमुख, बोलकी. ती आल्यापासून चांगुणाबाईंच्या घरातून बोलण्याचा आवाज गल्लीपर्यंत यायला लागल्ता.

संघपालनं इकडं तिकडं बघितलं, 'सुखी संसार'वालं पुस्तक उचललं, त्यावर पेपर गुंडाळला आणि माझ्यापुढं उभा राहिला. कान लाल!

"काय रे, सगळं ठीक ना?"

"हो काका. असंच. वाचन म्हणून."

मी हसलो. नव्या नवऱ्याची मस्करी करायची आपली जुनी खोड. त्यानं हसून दाखवलं, पण त्याचे डोळे हसत नव्हते. ते मला दिसलं होतं. मी खोलात गेलो न्हाई.

पुढच्याच आठवड्यात अक्षता आली आणि स्वयंपाकाचं पुस्तक घेऊन गेली. जाताना म्हणाली, "काका, यांना आवडंल असं काहीतरी करून बघते. हल्ली जेवणात लक्ष न्हाई यांचं." मी म्हणालो, "घेऊन जा, पोरी. आतलं माझं मत मात्र नक्की वाच हं!"

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं बोललो. ऐकणारे साक्षीदार आहेत.

मंग एका रविवारी सकाळी चांगुणाबाई वाचनालयात आल्या. चांगुणाबाईंनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या रानात खुरपणीत घालवलं आणि चाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गात पाटी धरली. तेव्हापासून चष्मा लावून रोज थोडं तरी वाचणार. त्यांनी नर्सबाईचं आत्मचरित्र नेलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी स्वयंपाकाचं पुस्तकही ठेवलं आणि खुर्चीवर बसल्या.

"अवधूतभाऊ, हे दोन्ही परत घ्या."

"वाचून झालं?"

"कसं वाचू? तुम्हीच लिहून ठेवलंय, एकट्यानं वाचू नये म्हणून. जवळ कुणीतरी बसवावं, छातीत धडधड होणाऱ्यानं हातच लावू नये म्हणून. मी म्हणलं, सचिव सांगून राह्यले तर काहीतरी असंल. पण जवळ बसवू कुणाला? पोरगं घरात तोंड उघडत न्हाई. आणि सून परवा माहेरी गेली."

"माहेरी? सहज?"

चांगुणाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. "बॅग भरून गेली, भाऊ. पाया पडली माझ्या. म्हणली, आत्या, तुमचं काही चुकलं न्हाई. आणि गेली."

मी उगीच स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानाच्या आत माझं सुंदर अक्षर:

'पहिल्या पानापासून नवऱ्यावर नजर ठेवा. दिसायला गरीब आहे, कमी बोलतो, सगळं मनात ठेवतो. दुसऱ्या कुणावर संशय घेऊन वेळ घालवू नका. शेवटी त्यानंच केलेलं निघतं. मला तर सुरुवातीपासूनच माहीत होतं! — अवधूत, सचिव.'

वाचनालयातला पंखा फिरत होता, पण मला दरदरून घाम फुटला. ही चिठ्ठी रहस्यकथेची! मी नर्सबाईचं पुस्तक उघडलं. त्यात भुताची चिठ्ठी! कपाटाकडं धावलो. मोसंबीच्या पुस्तकात लिहिलेलं, 'या बाईनं दुसऱ्यांसाठी अख्खा जन्म जागून काढला, वाचताना घशात आवंढा येतो.' आणि रहस्यकथेत, 'लेखकाचं स्वतःचं लग्न झालेलं नसावं. उपदेश भरपूर, अनुभव शून्य.'

प्रत्येक चिठ्ठी एकेक घर पुढं सरकली होती!

मंग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात जे दिसलं ते बघवेना. संसाराच्या पुस्तकात कोणती चिठ्ठी गेली असंल? त्याच्या आधीचं पुस्तक कोणतं होतं?

मोसंबी.

"अवधूतभाऊ, तुम्हाला बरं न्हाई का?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"चांगुणाबाई," मी म्हणालो, "संघपाल घरी आहे?"

संघपाल ओट्यावर बसला होता. समोर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. दाढी वाढलेली. मला बघून उभा राहिला आणि आत जाऊन ते पुस्तक घेऊन आला. अजून पेपरमध्ये गुंडाळलेलं.

"काका, बरं झालं तुम्हीच आले. मी तुमच्याकडंच येणार होतो." त्यानं आवाज बारीक केला. "तुम्ही लिहिल्याप्रमाणं सगळं केलं. बिलकुल चुकलो न्हाई. पण आता पानं तर गळून राह्यली, काका. बहर कधी येणार?"

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं न्हाई. मी पुस्तक उघडलं.

'फार उपयोगी पुस्तक. आधी पाणी पूर्ण तोडावं. चांगला ताण द्यावा. पानं पिवळी पडतील, गळतील, बघून जीव कळवळेल, तरी मन घट्ट ठेवावं. घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत न्हाई. ताण पुरता बसला की मंग हळूहळू सुरू करावं. असा बहर येतो की फांद्या वाकतात!'

"अरे संघपाल, तू याचा अर्थ काय घेतला?"

"पाणी म्हणजे बोलणं. तुम्ही असंच उपमा देऊन लिहिता ना, काका? मी बोलणं तोडलं."

"पूर्ण?"

"पूर्णच म्हणलं होतं ना तुम्ही."

"अरे बाबा, ही मोसंबी आहे! मोसंबीच्या झाडाला बहर धरायच्या आधी पाणी तोडून ताण देतात! बायकोला कुणी ताण देतं का?"

संघपालनं पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ओट्यावर मटकन बसला. मंग हळूहळू बोलला. अक्षताला जालन्याला एका मोठ्या औषधाच्या दुकानात नोकरी मिळत होती. तिनं एक दिवस जेवताना विचारलं, "मी जाऊ का?" हा म्हणाला, "बघू." एवढंच. त्याला नको म्हणायचं नव्हतं. पण ती जालन्याला राहायला गेली तर घर पुन्हा पहिल्यासारखं मुकं होईल, याची त्याला भीती वाटली, आणि भीती वाटते हे सांगायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. त्या 'बघू'नंतर दोघांत काहीतरी अडकून बसलं. म्हणून तो वाचनालयात आल्ता.

"मला वाटलं, पुस्तकात असंल कसं बोलायचं ते," तो म्हणाला. "आणि तुमची चिठ्ठी सांगत होती, बोलूच नको."

तुम्हाला सांगतो, माझ्या मतांचा मला पहिल्यांदाच राग आला. मी त्याला स्वयंपाकाच्या पुस्तकातली चिठ्ठी दाखवली. ती वाचून तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे घरात मी गप्प, आणि हिला पुस्तकात हे? खाली तुमची सही?"

"आणि वाच म्हणून आग्रह पण मीच केल्ता," मी म्हणालो. "चल, गाडी काढ. केदारखेड्याला जायचं."

"आत्ता?"

"जल्दी! आणखी पानं गळायच्या आत!"

दैवशालानं माझ्या हातात पिशवी दिली, त्यात पुरावा म्हणून भुताचं सोडून सगळी पुस्तकं; ते त्या दिवशीच आपला भाऊ घेऊन गेल्याचं त्यांनी आत्ता सांगितलं. रहस्यकथा वरच ठेवली होती. "तिथं गेल्यावर मत देऊ नका," त्या म्हणाल्या. "फक्त माफी मागा."

आष्टीहून परतूर, परतूरहून वाटूर, तिथून जालना आणि मंग भोकरदनच्या रस्त्याला केदारखेडा. एवढा प्रवास मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, मांडीवर साहित्य घेऊन! थंडी अशी की कान गळून पडतात का काय असं वाटत होतं. जालन्यातून जाताना एका औषधाच्या मोठ्या दुकानापुढं संघपालनं गाडी सावकाश केली, पाटीकडं बघितलं आणि पुन्हा वेग घेतला.

अक्षताचे वडील अण्णासाहेब एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून स्टँडवरचाच! एखाद्या गाडीला फलाटावर थांब म्हटलं की ती थांबत असणार. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आम्ही "जय भीम" केला. त्यांनीही "जय भीम" केला, पण तो अगदी हिशेबात.

"जावईबापू, बसा. आणि हे कोण?"

"मी अवधूत. आष्टीच्या वाचनालयाचा..."

"सचिव!" अण्णासाहेब ताडकन उठले. "म्हणजे ते तुम्हीच! 'मला तर सुरुवातीपासूनच माहीत होतं' असं लिहिणारे! बोला, काय माहीत होतं? माझ्या जावयानं काय केलंय? बाहेर काही भानगड? दारू? पत्ते? मी मुलीला विचारून राह्यलो, ती नुसती रडून राह्यली! तुम्हाला माहीत होतं तर लग्नाआधी का न्हाई सांगितलं?"

"अण्णासाहेब, ते यांच्याबद्दल न्हाईच! ते एका खुन्याबद्दल..."

हे वाक्य असं सुरू करायला नको होतं. घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. अण्णासाहेबांच्या हातातली काठी आपोआप वर गेली.

"खून?"

"पुस्तकातला! पुस्तकातला खून!" मी पिशवी अंगणात पालथी केली. मंग एकेक पुस्तक उघडून, चिठ्ठ्या काढून, मोसंबी कुठली, भूत कुठलं, संसार कुठला, सगळं समजावून सांगितलं. माझा मेव्हणा, खळ, मॅनेजरचा फोन, काही लपवून ठेवलं न्हाई. अण्णासाहेब ऐकत होते, पण त्यांचा चेहरा असा, जसा बिनतिकीट प्रवासी कारण सांगतो आणि कंडक्टर ऐकतो.

"असं म्हणता," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे या पुस्तकात नवरा गरीब दिसतो, कमी बोलतो, आणि शेवटी खून त्यानंच केलेला असतो?"

"बराबर!"

"आणा इकडं. मी स्वतः वाचल्याशिवाय विश्वास ठेवायचा न्हाई. मुलीचा प्रश्न आहे. तोवर कुणी जागचं हलायचं न्हाई!"

आणि त्यांनी खरंच चष्मा लावला, खुर्ची उन्हात ओढली आणि पहिलं पान उघडलं! पुस्तक बारीकसं होतं, एवढंच नशीब. मी ओट्यावर बसलो. संघपाल दाराच्या चौकटीजवळ उभा राहिला. आत जाता येईना आणि बाहेर बसता येईना.

थोड्या वेळानं अक्षता पाणी घेऊन आली. डोळे सुजलेले. मला तांब्या दिला, संघपालपुढं पेला धरला. तो घेईना.

"घ्या," ती म्हणाली. "तोडलेलं न्हाई."

तिनं आतून सगळं ऐकलं होतं तर! संघपालनं पेला घेतला, पण पाणी प्यायला न्हाई.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"मी बोललो न्हाई."

"ते मला माहीत आहे. पण का न्हाई बोलले? चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून? मी रोज तुमच्यापुढं ताट वाढत होते. रोज विचारत होते, काय झालं? तुम्ही भिंतीकडं बघून जेवत होते. मला वाटायचं, मी नोकरीचं विचारलं म्हणून यांना माझं तोंड बघावं वाटत न्हाई. आणि मंग ती चिठ्ठी. मला वाटलं, अख्ख्या गावाला काहीतरी माहीत आहे, फक्त मलाच न्हाई."

"मला भीती वाटली. तू जालन्याला गेली की..." तो थांबला.

"की काय?"

"घरात कुणी बोलणार न्हाई."

अक्षतानं त्याच्याकडं बघितलं. रागानं बघितलं, असं मला वाटलं. "इतकं कळत होतं, तर पुस्तकाला कशाला विचारायला गेले? मी त्याच घरात होते ना? मला का न्हाई विचारलं?"

मी तांब्यातलं पाणी पीत राहिलो. तांब्या रिकामा झाला होता, तरी पीत राहिलो.

मंग संघपाल खाली बसला, उंबऱ्यावरच. आणि बोलायला लागला. आधी अडखळत, मंग सरळ. जालन्याला रोज एसटीनं जाता येईल का, न्हाई जमलं तर परतूरला खोली करायची का, आईला नेता येईल का, आई येईल का. अक्षता पण उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. मध्ये दोन हातांचं अंतर होतं. त्यांचं काही ठरलं असं मला ऐकू आलं न्हाई. ती एकदा म्हणाली, "हे सोपं न्हाई." तो म्हणाला, "न्हाई." पण बोलणं चालू राहिलं. दिवस कलायला लागला, सावल्या अंगणभर झाल्या, तरी चालूच राहिलं.

"सचिवसाहेब!"

मी दचकलो. अण्णासाहेबांनी पुस्तक मिटलं होतं आणि माझ्याकडं असं बघत होते, जसा गाडीखाली आलेल्या माणसाकडं ड्रायव्हर बघतो.

"वाचलं सगळं?" मी विचारलं. "पटली खात्री? नवऱ्यानंच केलं ना?"

"तुम्ही हे पुस्तक कुठपर्यंत वाचलं?"

"कुठपर्यंत म्हणजे? पोलीस नवऱ्याला धरून नेतात. तो कबुली देतो. संपलं!"

"त्याच्यापुढं दोन प्रकरणं आहेत," अण्णासाहेब म्हणाले.

उंबऱ्यावरचं बोलणंसुद्धा थांबलं.

"खून दिवाणजीनं केला," अण्णासाहेब एकेक शब्द तोलून म्हणाले. "नवरा बिचारा बायकोच्या भावावर आळ येऊ नये म्हणून गप्प होता. कबुली खोटी होती. निर्दोष सुटतो. शेवटच्या पानावर बायको त्याला घरी घेऊन जाते."

मी पुस्तक हातात घेतलं. पुढं खरंच दोन प्रकरणं होती! आरोपी सापडल्यावर माणूस पुढं कशाला वाचंल? निदान मला तरी तसं वाटलं होतं. आता पूर्ण गाव, पूर्ण कुटुंब, एक अख्खं लग्न पणाला लागलं होतं ते माझ्या मताच्या चुकीच्या जागी चिकटण्यामुळं. आणि मत जागेवर असतं तरी ते चूकच होतं!

अक्षताला आधी हसू फुटलं. तोंडावर ओढणी धरून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मंग ते पाणी हसण्याचं राहिलं न्हाई. संघपालनं तिला पेला दिला. तोच, मघाचा. ती प्यायली.

"आत्या एकट्या असतील घरी," ती म्हणाली. "मी बॅग आणते. पण नोकरीचं वाटेत बोलायचं. घरी गेल्यावर न्हाई. वाटेतच."

"वाटेतच," संघपाल म्हणाला.

अण्णासाहेबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. अक्षताच्या आईनं भाकरी आणि ठेच्याचं फडकं बांधून दिलं. गाडी सुरू झाली. अक्षता मागं बसली, बॅग मध्ये घेतली. दोघांनी हात केला, गाडी रस्त्याला लागली, आणि तिचं बोलणं वाऱ्यावर ऐकू येत येत लांब गेलं. मी समाधानानं बघत राहिलो. पोरांचं मार्गी लागतंय, डोळे भरून आले.

मंग माझ्या लक्षात आलं की मी त्याच गाडीवर आल्तो.

"अण्णासाहेब," मी म्हणालो, "जालन्याकडं आता गाडी कधी?"

ज्या माणसानं सगळा जन्म हाच प्रश्न ऐकला, त्यानं घड्याळ न बघता उत्तर दिलं. "एक आत्ताच गेली. दुसरी यायला वेळ आहे, आणि तिचा काही भरवसा न्हाई."

त्यांनी माझी खुर्ची स्वतःच्या खुर्चीसमोर ओढली, अंगणात विखुरलेल्या पुस्तकांतून भाकरीएवढ्या जाडीचं नर्सबाईचं आत्मचरित्र उचललं, चष्मा पुसला, आणि चहा सांगितला. दोन कप. मोठे.

"बसा, सचिवसाहेब," ते म्हणाले. "त्या रहस्यकथेबद्दल आधी माझं मत ऐका. पहिल्या प्रकरणापासून सांगतो. मंग हे दुसरं दोघं मिळून वाचू. शेवटपर्यंत!"

मी बसलो. काय करणार? माणूस आपलं मत सांगून राह्यला, आणि ऐकणारा मी एकटाच होतो.